दमलेल्यांचे हवालदार

बसाप्पाचा फोन आला तेव्हा मी गवारी मोडत बसले होते. "बाई, हवालदार गेले," एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, "गेले? सकाळी तर काही बोलले नाहीत. म्हसवडला गेले का? मग उद्या व्यायाम कोण घेणार?" पलीकडून आवाजच नाही. मला वाटलं रेंज गेली. मी आपली हॅलो हॅलो करत बसले... आणि मग एसटीचं चाक हातात धरून जन्म काढलेला तो दांडगा माणूस फोनवर हमसून हमसून रडायला लागला, तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं. सांगलीच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं मी. 'जाणे' या एका क्रियापदाचे किती अर्थ होतात, हे पोरींकडून घोकून घेतलं. आणि वेळ आली तेव्हा मला मेलीला एकच अर्थ सुचला, गावाला जाणे.

तीन तासांपूर्वी तर आम्ही त्यांच्यासमोर उभे होतो. कृष्णेच्या घाटावर, वरच्या फरशीवर, रोजच्यासारखे दोन रांगा करून. शनिवार होता, आणि शनिवारी रथ असायचा. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ जसा दोरखंड लावून ओढतात, तसा आम्ही नसलेला दोर धरून नसलेला रथ ओढायचो. हवालदार आमच्याकडं तोंड करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "चाक रुतलंय, बाई! जोर लावा! सिद्धनाथ वर बसून बघतोय, लाज काढू नका!" नदीवर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून आमची ही करमणूक बघायच्या. त्या दिवशीही बघितली. व्यायाम संपला, हवालदारांनी खुराक सांगितला आणि आम्ही पांगलो. मेलेल्या माणसाचं शेवटचं वाक्य काहीतरी थोर असावं अशी लिहिणाऱ्याची इच्छा असते. पण खोटं कशाला लिहू? त्या दिवशीचा खुराक होता, "घरी जाऊन पाणी प्या, लय ऊन हाय."

खुराक म्हणजे काय ते सांगायला हवं. तालमीत पैलवानाला व्यायामानंतर दूध-बदाम देतात त्याला खुराक म्हणतात. आमच्याकडं दूध नाही नि बदाम नाहीत. चाळीस मिनिटं अंग मोडून घेतल्यावर हवालदार सगळ्यांना खाली बसवायचे आणि एक वाक्य सांगायचे. तोच खुराक. ते वाक्य घेऊन घरी जायचं, दिवसभर चघळायचं.

शब्बीर मुलाणी त्यांचं नाव, पण सांगलीत ते कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. हवालदार म्हणजे हवालदारच. मूळचे म्हसवडचे, फौजेत जवानांना पीटी शिकवायचे. निवृत्तीनंतर काही वर्षं गावात काढली. मग मुलानं सांगलीला दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज टाकलं, तेव्हा दोघं नवरा-बायको त्याच्याकडं राहायला आले. इथं ओळख ना पाळख. सकाळी उठून घाटावर एकटेच हातपाय हलवायचे. बसाप्पा तिथं फिरायला यायचा. तो आमच्या सीमेपलीकडचा, कानडी मुलखातला. त्यानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी काही न बोलता मागं उभा राहून तसेच हात हलवायला लागला. हवालदारांनीही मागं वळून बघितलं नाही. नुसता आवाज चढवला. असा आमचा वर्ग सुरू झाला. मी त्यात आले ती नऊ वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. चालण्याचा मला भारी कंटाळा. पंधरा-वीस माणसं एका जागी उभी राहून काहीतरी करताहेत हे बघून मला बरं वाटलं, शाळेची प्रार्थना आठवली, आणि मी जाऊन उभी राहिले.

पहिल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं. तेव्हा खुराक म्हणून हवालदार मोबाइलमधून सुविचार वाचून दाखवायचे. यश म्हणजे काय, संकट म्हणजे काय, उगवता सूर्य काय म्हणतो, असलं. चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी माझ्यातली बाई गप्प बसेना. म्हटलं, "हवालदार, हे असले सुविचार फळ्यावर लिहून लिहून माझी बोटं झिजली. एकाही पोरीचं भलं झालेलं बघितलं नाही. तुमचं स्वतःचं काही असेल तर सांगा, नाहीतर सोडा आम्हाला, घरी चहा उकळतोय." फौजी माणूस, आता काय बोलतोय असं झालं सगळ्यांना. त्यांनी मोबाइल खिशात घातला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "व्हय बाई. उद्या घरचा खुराक आणतो."

दुसऱ्या दिवशी आणला. "पाय दुखला तर आदी पायाला इचारा, डॉक्टरला मागनं इचारा." त्याच्या दुसऱ्या दिवशी, "सुनंला आन् गुडघ्याला रोज बोलायचं न्हाई, दोगं बी रुसत्यात." मग काय, माणसं व्यायामाला नाही, खुराकाला यायला लागली. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, हळदीच्या बाजारात अडत चालवतात. आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत आमची जेवणं होतात. तर जेवताना रोजचा त्यांचा प्रश्न, "आज काय खुराक मिळाला गं?" मी सांगायचे आणि हे हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायचे.

व्यायामाला रोज एक विषय असायचा, आणि ही त्यांची सगळ्यात मोठी करामत. जिममध्ये काय काय इंग्रजी नावं असतात, ती आमच्या तोंडात बसेनात. हवालदारांनी सोमवारी हळद लावली. कुदळ मारा, वाका, गड्डा उपटा, माती झाडा, पाटीत टाका. बुधवारी पाणी. घागर विहिरीत सोडा, शेंदा, शेंदा, शेंदा, उचला, खांद्यावर घ्या, चला. गुरुवारी कडबा. पेंढी उचला, फिरा, गंजीवर फेका. "वर हुबा ऱ्हायलेल्याच्या हातात गेली पायजे पेंढी, शैलाताई! तुमी तर त्येच्या टाळक्यात घालाय लागलाय!" शैलाताई म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या, उभ्या जन्मात त्यांनी कडबा हातात धरलेला नाही. पण त्या अशा काही फेकायच्या की बघत राहावं. त्या फरशीवर हळद नव्हती, विहीर नव्हती, कडबा नव्हता. तरी घरी जाताना हात हुंगावासा वाटायचा.

आणि त्यांचा शब्द म्हणजे दम. मराठीच्या बाईला याहून मोठी मेजवानी कुठली! पाच मिनिटं झाली की हवालदार ओरडायचे, "दम खावा!" म्हणजे थांबा, श्वास घ्या. कुणी घाई केली की "दम धरा!" कुणी चुकारपणा केला की दम द्यायचे. एकदा हात वर ताणून उभे होतो आणि ते म्हणाले, "अजून जरा दम काढा." म्हणजे अजून थोडं सोसा, असेच थांबा. बसाप्पाचं मराठी कानडी मुलखातलं, त्यानं दम काढला. म्हणजे फुस्स करून सगळा श्वास बाहेर सोडला आणि हात खाली. त्याचं बघून त्याची अख्खी रांग फुसफुस करत खाली बसली. हवालदार बघतच राहिले. मग स्वतःच फरशीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या दिवशी पुढचा व्यायाम झालाच नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. गेल्या दिवाळीच्या आधी एका सकाळी मी जरा लवकरच घाटावर पोचले. पायऱ्यांच्या आडोशाला हवालदार बसले होते. चेहरा घामानं डबडबलेला, एक हात छातीवर, जिभेखाली गोळी. मी पुढं झाले तर हातानंच थांबवलं. दोन-तीन मिनिटांनी बोलते झाले. हृदयाचा त्रास होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झटक्याचं काम करायचं नाही, दमायचं नाही. मी म्हटलं, "मग इथं कशाला मरायला येता?" माझं तोंड हे असं. ते हसले. म्हणाले, "बाई, फकस्त तुमालाच सांगतोय. कुणाला बोलू नका. जैतूनला तर न्हाईच न्हाई. तिला कळलं तर मला घरात बांधून घालंल." जैतून म्हणजे त्यांची बायको. मी म्हटलं, बंद करा हे सगळं. तर म्हणाले, "बंद करतो की. मग मी काय करू, सांगा?" त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली. मी दिली.

शपथ दिली खरी, पण जिवाला घोर लागला. यांना दमू द्यायचं नाही, आणि कळूही द्यायचं नाही. मग मी माझा गुडघा पुढं केला. खरं म्हणजे त्यांच्याच कृपेनं तो तोवर ठणठणीत झाला होता. पण हवालदारांचा श्वास जरा मोठा झाला की मी कळवळायचे, "हवालदार, गुडघा!" की लगेच ते, "सगळ्यांनी दम खावा, बाईंचा गुडघा धरलाय." आणि तेही थांबायचे, टेकायचे. माझं नाटक छान वठत होतं. पण गंमत अशी, की त्याच दिवसांत आमचा अख्खा वर्गच ढेपाळला. बसाप्पाची कंबर धरायला लागली. शैलाताईंना घेरी यायला लागली. कुणाच्या टाचा, कुणाचा खांदा. दर दोन मिनिटांनी कुणीतरी "आई गं!" म्हणून बसायचंच. मला असा राग यायचा! एकदा मी बसाप्पाला सुनावलं, "अहो, काल संध्याकाळी गणपतीच्या देवळापाशी तुम्ही आख्खा गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन चालला होता. आज वाकता येत नाही?" त्यानं मान खाली घातली आणि कंबर धरून आणखी वाकला. मला वाटलं, काय आळशी माणसं आहेत. तो बिचारा जीव धोक्यात घालून आपल्यासाठी येतोय, आणि यांना काही आहे का त्याचं!

हवालदारांना मात्र आमची काळजी लागली. खुराक बदलले. पूर्वी टोमणे असायचे, आता धीर. "दमला म्हणून लाजायचं न्हाई. दमून घरात बसला, तर लाजायचं." हे तर त्यांनी कितीदा सांगितलं. ऐकताना वाटायचं, अहो, कुणाला सांगताय हे...

आणि एका शनिवारी, घरी जाऊन, चहा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्याच दिवशी माती झाली. आमच्यातले पुरुष कबरस्तानात गेले. बसाप्पा नंतर सांगत होता, "बाई, मी तीन मुठी टाकल्या. एक तुमची." मी बायकांबरोबर घरी बसले होते. जैतूनभाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत होत नव्हती. सहा महिने मला माहीत होतं. एका शब्दानं बोलले असते, तर हा माणूस आज खाटेवर पडलेला का असेना, पण असता. वर त्याच सकाळी आम्ही त्यांच्याकडून रथ ओढवून घेतला होता. हेच एक डोक्यात घुमत राहिलं, की आपण यांना मारलं.

तीन-चार दिवसांनी सगळे घाटावर जमलो. व्यायाम कुठला, नुसते पायऱ्यांवर बसलो. मला राहवेना. म्हटलं, "मला तुम्हा सगळ्यांना काहीतरी सांगायचंय. हवालदारांना छातीचा त्रास होता. मला माहीत होतं. मी बोलले नाही." आणि तोंड पदरात लपवलं. वाटलं, आता ही माणसं मला खाणार. तर शैलाताई म्हणाल्या, "तुम्हाला? अहो, ते तर फक्त मला माहीत होतं." बसाप्पा उठून उभा राहिला. "शैलाताई, काय बोलता! मला सांगितलं होतं, फक्त तुलाच सांगतोय म्हणून!" मग एकेकाचं बाहेर यायला लागलं. सगळ्यांना माहीत होतं हो! एकूण एक माणसाला त्यांनी आडोशाला घेऊन सांगितलं होतं, 'फकस्त तुमालाच', आणि एकूण एकाकडून शपथ घेतली होती. बसाप्पाच्या कमरेला काही झालेलं नव्हतं. शैलाताईंना घेरी नव्हती. टाचा, खांदे, सगळी सोंगं. आम्ही वीस माणसं सहा महिने एकमेकांना आळशी समजून मनातल्या मनात शिव्या घालत होतो, आणि सगळे मिळून एका माणसाला दम खायला लावत होतो. किती हसलो आम्ही त्या पायऱ्यांवर, आणि किती रडलो. "लबाड माणूस!" मी म्हटलं. "लबाड, पक्का लबाड!"

पण हसू ओसरल्यावर सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. एकच जण अशी उरली होती, जिला काही माहीत नव्हतं. वीस जणांनी मिळून एका बाईपासून तिच्या नवऱ्याचं मरण लपवलं होतं. कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमीच." आणि तोवर व्यायाम बंद. कुणाला उभं राहायचं तोंडच नव्हतं. कुठल्या तोंडानं जोर लावा म्हणायचं?

मी दिवस ढकलले. आज जाऊ, उद्या जाऊ. चांगला महिना गेला. आमचे हे शेवटी म्हणाले, "तू दुसऱ्यांना दम देतेस, तुझा दम कुठं गेला?" मग गेले एका दुपारी. जैतूनभाभी इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई घराबाहेर पडत नाही, साधं राहायचं, घरातच राहायचं. गॅरेजच्या वरची ती खोली. खालून पाने-पकडींचे आवाज येत होते. भाभी खिडकीपाशी बसल्या होत्या, वाळल्यासारख्या वाटल्या. मला बघून उठायला गेल्या तर गुडघ्यावर हात टेकून, हाय अल्ला करत. "बसून बसून आखडले बघा, बाई," म्हणाल्या.

मी चहा घेतला नाही. आधी बोलते म्हटलं, नंतर चहा द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आणि सांगून टाकलं सगळं. गोळी, शपथ, वीस जणांची सोंगं, शेवटचा रथ. "भाभी, आम्ही तुमचे गुन्हेगार आहोत. मी तरी आहेच."

त्या म्हणाल्या, "आवं बाई, त्यांची पँट कोण धुतं?"

मला कळेना.

"खिशात गोळ्यांचं पाकीट असायचं. धुवायच्या आदी मी काढून ठेवायची. वाळल्यावर परत जागच्या जागी. पैल्या दिशीच डॉक्टरकडं पोराला धाडून इचारलं काय हाय त्ये. मला म्हाईत हाय ह्ये त्यांना म्हाईत नव्हतं. असू दे म्हटलं. लपवायला तेवढंच एक व्हतं त्यांच्याजवळ."

"मग अडवलं का नाहीत तुम्ही?"

"अडवलं की. एक दिवस बुटं लपवली. काय बोललं न्हाईत. दिवसभर त्या खुर्चीत बसून भिंतीकडं बघत ऱ्हायले. जेवले बी न्हाईत. बाई, मेल्यावर तर बघायचंच असतंय. त्याच्या आदी मेलेलं कोण बघंल? दुसऱ्या दिशी मीच बुटं काढून दारात ठेवली." आणि मग त्या हसल्या, अगदी बारीक. "आन् तुमची सोंगं मला काय ठावं! ह्ये घरी यिऊन सांगायचे, जैतून, सगळी लय ढिली पडल्यात गं. बाईंचा गुडघा तर कामातनं गेला. मी एक दिवस न्हाई गेलो तर सगळी अंथरूण धरतील. म्हणून पाटं उठायचे. थंडीत, दुखत असलं तरी. तुमी दमलासा म्हणून त्ये उठत व्हते, बाई. न्हाईतर कवाच खाटेला खिळले असते."

महिनाभर छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं, ते उतरलं, आणि उतरलं तसं मला असं रडू आलं की पोरीसारखी रडले. भाभींनी रडू दिलं. मग चहा केला. मी प्याले.

"आता कोण शिकवतंय घाटावर?" त्यांनी विचारलं.

"बंद आहे."

"का?" असं काही जोरात म्हणाल्या की खालचा आवाज थांबला. "ज्येच्यासाठी त्यांनी जीव वढला त्ये बंद केलंसा? तुमी एवढ्या शिकलेल्या बाई, तुमी घ्या की!"

"मला कुठं येतं सगळं..."

"मला दाखवा काय येतंय त्ये. माजे बी गुडघे आखडल्यात, भायेर पडता येत न्हाई. त्यांनी मला एकदाबी शिकवलं न्हाई. म्हणायचे, तू दिवसभर करतीस त्येच मी त्यास्नी शिकवतोय, तुला काय शिकवू?"

मी चमकले. "म्हणजे?"

"आवं, फौजेतनं सुट्टीवर आले की खाटेवर पडून बघत बसायचे. मी पाणी शेंदतीया, कडबा चढवतीया, हळद काढायच्या मजुरीला जातीया. रथ सोडला तर बाकी समदं माजंच हाय. लय वाईट वाटायचं त्यांना. म्हणायचे, कवायत मी शिकवतो आन् खरी कवायत तू करतीस. पर उठून घागर घेतली का हातात? न्हाई!"

नऊ वर्षं मी समजत होते, की हे सगळं त्या माणसाच्या डोक्यातून निघालंय. मी उठले. त्या खोलीच्या मध्यभागी, खुर्ची बाजूला सारून, आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. मंगळवार होता, म्हणून मी मंगळवारचा विषय घेतला, धुणं. हवालदारांसारखा आवाज काढायचा प्रयत्न केला. "कपडा बुडवा! आपटा! पिळा!" आणि पिळायला दोन्ही हात पुढं ताठ केले, मुठी आवळल्या आणि कमरेपासून अख्खं अंग उजवीकडं वळवलं, जसं त्यांनी शिकवलं होतं तसं.

भाभी बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडू आलं. तर त्यांचे खांदे हलत होते, आणि मग पदर सुटला आणि त्या मोठ्यांदा हसायलाच लागल्या. "आवं, असं पिळतासा? ह्ये त्यांनी शिकवलं? दोनी हात एकीकडं फिरवलं तर पाणी निघंल का कापडातलं? खाटेवरनं बघितलेलं हाय त्ये, बाई! जल्मात एक रुमाल पिळला न्हाई त्या माणसानं!" आणि माझे हात हातात घेऊन त्यांनी दाखवलं. एक मनगट आत, एक बाहेर. कोपरं अंगाला. "हां. आता जोर लावा. अजून. सोडू नका, अजून पाणी हाय."

रात्रीच सगळ्यांना फोन केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी घाटावर वीस माणसांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, की आपण नऊ वर्षं चुकीचं पिळतोय. बुधवार होता, पाण्याचा दिवस, पण आधी पिळणं दुरुस्त करून घेतलं. बसाप्पानं विचारलं, "कोण म्हणतं चुकीचं? हवालदारांपेक्षा जास्त कुणाला कळतं?"

म्हटलं, "हवालदारांच्या वस्तादांना."